डब्लिनचा एडमंड बर्क, राघोबादादांचा वकील आणि हेस्टिंग्जचा खटला

अनिकेत_तासिका:

कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. पाश्चात्त्य विचारवंतांच्या पेपरात एडमंड बर्कच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. नोट्स वर्षानुवर्षं त्याच: पुराणमतवादाचा जनक, फ्रेंच राज्यक्रांतीचा कडवा विरोधक, चला पुढचा विचारवंत. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, राजेरजवाड्यांची बाजू घेणारा हा माणूस वॉरन हेस्टिंग्जच्या मागे हात धुऊन का लागला होता?" हेस्टिंग्ज म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर जनरल. पुढच्या तासाला सांगतो म्हटलंय.

तर जाणकारांनी मदत करा. पठ्ठ्या डब्लिनचा, बाप वकील, घरात ना जहागीर ना सरदारकी. अठराव्या शतकातलं लंडनचं पार्लमेंट म्हणजे सगळा खानदानी मामला. तिथे हा शिरला कसा आणि जवळजवळ तीस वर्षं टिकला कसा? अमेरिकेच्या बाजूने, हिंदुस्थानच्या बाजूने आणि फ्रान्सच्या विरोधात, हे एकाच डोक्यात कसं मावतं? आणि आपल्याकडच्या, म्हणजे मराठ्यांच्या राजकारणाशी त्याचा कुठे संबंध आला होता का? विकिपीडिया वाचून झालाय, त्यापलीकडचं हवंय.

पोथीनिष्ठ:

शेवटच्या प्रश्नापुरतं सांगतो. आला होता. १७८६ मध्ये बर्कने कॉमन्ससमोर, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहासमोर, हेस्टिंग्जविरुद्ध आरोपांची २२ कलमं ठेवली. त्यातलं एक अख्खं कलम मराठ्यांशी केलेल्या युद्धावर आणि तहावर आहे. दुसरं, दिल्लीचा बादशहा मराठ्यांच्या, म्हणजे महादजी शिंद्यांच्या हाती जाऊ दिला त्यावर. तिसरं गोहदच्या राणा या संस्थानिकावर, ज्याला इंग्रज-मराठा युद्ध संपवणाऱ्या सालबाईच्या तहानंतर इंग्रजांनी शिंद्यांपुढे वाऱ्यावर सोडलं. प्रत्यक्ष खटला रेटला गेला तो मात्र बनारस, अयोध्येच्या बेगमा, नजराणे आणि कंत्राटं एवढ्यावरच.

बाकीचं विकमकरताई सांगतील. त्या बर्कच्या गावाला खेटूनच राहतात.

विकमकर:

हाक मारलीच आहे तर बसते लिहायला. लांबेल, आधीच सांगते.

मी हाय विकमला राहते. तिथून बीकन्सफिल्ड हाकेच्या अंतरावर. घरी पाहुणे आले की विंडसर झाल्यावर मी त्यांना हटकून बीकन्सफिल्डच्या जुन्या चर्चमध्ये नेते. ते तोंडावर बोलत नाहीत, पण कंटाळतात. बर्क तिथे पुरलेला आहे. त्याचं ग्रेगरीज नावाचं घर १८१३ मध्ये जळालं, त्यामुळे बघण्यासारखं तसं काही उरलेलं नाही. पण त्या घराच्या बागेत जे घडलं ते मी पुण्यात शिकत असताना मला कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

साल १७८१. राघोबादादांची तेव्हाची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. पेशवाई हवी, पदरी फौज नाही, वडगावला इंग्रजांचीच फजिती झालेली, आणि मुंबईकर इंग्रजांचं कलकत्तेकर इंग्रजांशी पटत नाही. मग दादांनी थेट विलायतेलाच वकील पाठवला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव हुमुंद राव असं पडलंय. आपला हनुमंतराव असणार. ब्राह्मण. बरोबर एक पारशी बाप-लेक. लंडनमध्ये यांना कुणी विचारेना. राहायची जागा अपुरी, आणि आपल्या आचाराप्रमाणे अन्न शिजवायची तर काहीच सोय नाही. बर्कच्या कानावर हे गेलं तसा तो त्यांना आपल्या घरी घेऊन आला आणि बागेतलं काचघर त्यांना मोकळं करून दिलं. अंघोळ, पूजा, स्वयंपाक, सगळं तिथे, कुणाचा विटाळ नाही. इंग्लंडातल्या उन्हाळ्यात, फुलझाडांसाठी बांधलेल्या काचेच्या खोलीत दादांचा वकील सोवळ्यात भात रांधतोय, हे चित्र मी बीकन्सफिल्डला गेले की दर वेळी डोळ्यांपुढे आणते.

बर्कने दादांना पत्रही लिहिलं. आशय असा, की तुमच्या माणसांचे हाल झाले ते आमच्या अज्ञानापायी, दुष्टाव्याने नव्हे. अशा माणसाला काय काय लागतं ते आता आम्हाला कळलंय. दादांचं काम अर्थातच झालं नाही. पुढच्या वर्षी सालबाईचा तह झाला आणि दादा कोपरगावी पेन्शनीत गेले.

हनुमंतरावाचा मुक्काम वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच वर्षी पार्लमेंटची एक कमिटी बंगालच्या न्यायव्यवस्थेची चौकशी करत होती आणि तिचं गाडं बर्कच ओढत होता. तिच्यापुढे हनुमंतरावाची साक्ष झाली. जात कशाने जाते, गेली तर पुढे काय, पडद्यातल्या बायकांना कोर्टात हजर करायचं म्हटलं तर काय होईल, असे प्रश्न. सात वर्षांनी, फेब्रुवारी १७८८ मध्ये, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बर्क हेस्टिंग्जविरुद्ध उभा राहिला आणि पहिलं भाषण चार दिवस चाललं. त्यात जात गमावलेल्या माणसाची काय गत होते हे त्याने न्याय करायला बसलेल्या लॉर्डमंडळींना समजावून सांगितलंय. तज्ज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, मला तिथे ते काचघर दिसतं.

आता आयर्लंड. अनिकेत, तुझ्या विद्यार्थिनीचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

बर्क जन्मला १७२९ साली डब्लिनमध्ये, लिफी नदीकाठच्या अरन की भागात. बाप प्रॉटेस्टंट, आई मेरी नेगल ही कॉर्क परगण्यातल्या कॅथलिक घराण्यातली. मुलगे बापाच्या धर्मात वाढले, बहीण ज्युलियाना आईच्या. त्या काळच्या आयर्लंडात कॅथलिकाला मत नाही, पार्लमेंटात जागा नाही, जमीन विकत घेता येत नाही. बाप गेला की जमिनीचे सगळ्या मुलांत तुकडे पडायचे. थोरला प्रॉटेस्टंट झाला तर मात्र वाटणी टळायची आणि बापाच्या हयातीतच जमिनीवर त्याचा हक्क लागायचा. म्हणजे घरात भांडण लावायची सोय कायद्यातच करून ठेवलेली. आणि हे सगळं देशातल्या बहुसंख्य लोकांविरुद्ध. बर्क लहानपणी नाजूक होता म्हणून काही वर्षं आजोळी, ब्लॅकवॉटर नदीच्या खोऱ्यात मामाकडे राहिला. हे कायदे त्याने पुस्तकात वाचायच्या आधी मामाच्या घरात पाहिलेत. पुढे बॅलिटोरला क्वेकर मास्तरांची शाळा, डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, आणि १७५० मध्ये वकिली शिकायला लंडन. वकिली काही केली नाही, बाप भडकला. बायको केली तीही आयरिश कॅथलिक डॉक्टरची मुलगी, जेन नजंट.

शिरला कसा, तर लेखणीच्या जोरावर. १७६४ मध्ये डॉ. जॉन्सनच्या प्रसिद्ध क्लबच्या पहिल्या सभासदांत तो होता. पुढच्या वर्षी लॉर्ड रॉकिंगहॅम पंतप्रधान झाला आणि त्याने बर्कला खाजगी सचिव नेमलं. लगेच म्हातारा ड्यूक ऑफ न्यूकॅसल धावत गेला चुगली करायला: हा छुपा कॅथलिक आहे, जेझुइट आहे, याचं खरं आडनावसुद्धा वेगळंच आहे. रॉकिंगहॅमने बर्कला बोलावून विचारलं, बर्क म्हणाला राजीनामा घ्या. रॉकिंगहॅमने घेतला नाही. त्याच वर्षअखेरीस तो वेंडोवरमधून निवडून आला. निवडून आला म्हणायचं एवढंच. ती जागा लॉर्ड व्हर्नीच्या खिशातली होती.

तो शिक्का मात्र आयुष्यभर पुसला नाही. व्यंगचित्रकारांना बर्क काढायचा म्हणजे फार डोकं चालवावं लागायचं नाही: लांब नाक, चष्मा, डोक्यावर जेझुइट पाद्र्याची टोपी, शेजारी बटाटे. बोलण्यातला आयरिश हेल गेला नाही. पक्षाचा मेंदू हाच, पण पक्ष सत्तेवर आला तेव्हा, १७८२ आणि १७८३ मध्ये, याला मिळालं काय, तर सैन्याच्या पगारखात्याचं पद, तेही मंत्रिमंडळाबाहेरचं आणि काही महिन्यांपुरतं. दुसरा कुणी असता तर खाल मानेने राहिला असता. हा ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचा खासदार असताना आयरिश मालावरचे निर्बंध सैल करा आणि कॅथलिकांवरचे कायदे शिथिल करा म्हणून उभा राहिला. व्यापारी संतापले. १७८० मध्ये निवडून येत नाही हे दिसल्यावर त्याने मैदान सोडलं. त्याच वर्षी जूनमध्ये कॅथलिकांविरुद्ध लंडन पेटलं होतं आणि जमावाच्या यादीत याचंही घर होतं.

मग फ्रान्सचं काय? बर्कला चीड होती ती एका विशिष्ट जातीच्या माणसाची: काल आला, हातात सत्ता आली, कुणाला जाब द्यायचा नाही, आणि समोरचं पिढीजात घर उद्ध्वस्त करताना हात कापत नाही. आयर्लंडात असा माणूस प्रॉटेस्टंट जमीनदार होता, बंगालात कंपनीचा पोरसवदा साहेब, पॅरिसमध्ये जॅकोबिन, म्हणजे जहाल क्रांतिकारक. ही माझी जोडाजोड नाही. १७९६ मध्ये एका पत्रात त्याने स्वतःच कंपनीवाल्यांची वृत्ती आणि जॅकोबिनांची वृत्ती यांना देशाचे दोन शत्रू म्हटलंय, आणि त्यातही पहिला जास्त वाईट असं बजावलंय. फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्धच्या पुस्तकाने युरोपभर नाव झालेला माणूस हे म्हणतोय. नोट्समध्ये हे एक वाक्य घाल बाबा.

अवांतर: हेस्टिंग्जविरुद्ध ज्या तिघांची नावं सगळ्यात गाजली ते तिघेही डब्लिनचे. बर्क, नाटककार शेरिडन, आणि पडद्यामागून कागद पुरवणारा फिलिप फ्रान्सिस, ज्याने कलकत्त्यात हेस्टिंग्जशी द्वंद्व करून गोळी खाल्ली होती.

हिशेबनीस:

ताई, लेखन नेहमीप्रमाणे रसाळ. पण बर्कला इतकं सोवळं नेसवू नका.

पैशाचं बघा. ग्रेगरीज त्याने १७६८ मध्ये घेतलं ते सुमारे २०,००० पौंडांना, बहुतेक सगळं कर्ज. त्याचा जिवलग विल्यम बर्क, ज्याला तो भाऊच मानायचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरमध्ये सट्टा खेळत होता. १७६९ मध्ये शेअर आपटला आणि ही सगळी मंडळी बुडाली. १७७७ मध्ये विल्यम नशीब काढायला मद्रासला गेला आणि कुणाचा एजंट झाला? तंजावरच्या राजाचा. तुळजाजी भोसले, आपल्या व्यंकोजीराजांचे वंशज. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीची फौज घेऊन तंजावर गिळलं होतं, १७७६ मध्ये गव्हर्नर पिगटने ते राजाला परत दिलं, आणि त्यापायी मद्रासच्या कौन्सिलने पिगटलाच अटकेत टाकलं. तो अटकेतच मेला. यानंतर बर्कसाहेबांना तंजावरच्या रयतेचा कळवळा यायला लागतो आणि १७८५ मध्ये नबाबाच्या कर्जांवर ते घणाघाती भाषण होतं. योगायोग? पक्षकाराची बाजू मांडणाऱ्या वकिलाला तत्त्वज्ञ म्हणायचं असेल तर म्हणा.

विकमकर:

हिशेबनीस, रक्कम आणि तारखा बरोबर आहेत. तुमच्या बाजूने मीच आणखी एक पुरावा देते: १७७३ मध्ये सरकार कंपनीवर नियंत्रण आणणारा कायदा करत होतं तेव्हा बर्कने त्याला विरोध केला होता. म्हणजे तोपर्यंत त्याला कंपनीत फारसं वावगं दिसत नव्हतं. तंजावरने, आणि होय, विल्यमच्या पत्रांनी त्याचे डोळे उघडले. डोळे पैशामुळे उघडले म्हणून जे दिसलं ते खोटं ठरतं का?

आणि पुढचं पैशाने सुटत नाही. हेस्टिंग्जच्या खटल्यात तंजावर नाहीच. त्यातून बर्कला दमडी मिळणार नव्हती. खटला १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला. सुरुवातीला तिकिटं चढ्या भावाने विकली जायची, उमरावांच्या बायका नटूनथटून यायच्या, शेरिडनच्या भाषणाला तर झुंबड. वर्षभरात लोकांचा रस आटला. १७८९ मध्ये नंदकुमारच्या, म्हणजे हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप करणाऱ्या माणसाच्या, फाशीबद्दल बोलताना हेस्टिंग्जने त्याचा खून करवला असं बर्क म्हणाला, तर कॉमन्सनेच, म्हणजे ज्यांच्या वतीने तो खटला चालवत होता त्यांनीच, त्याच्यावर ठपका ठेवला. १७९१ मध्ये फ्रान्सवरून पक्षातल्या जुन्या सोबत्याशी, चार्ल्स फॉक्सशी, भर सभागृहात मैत्री तुटली, फॉक्स रडला. तरी हेस्टिंग्जच्या खटल्यावर दोघे एकाच बाजूला बसत राहिले. १७९४ मध्ये बर्कचं शेवटचं भाषण नऊ दिवस चाललं. त्याच उन्हाळ्यात एकुलता एक मुलगा रिचर्ड गेला. एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला वर्षाला ४,००० पौंड बांधून दिले.

बर्कने मरायच्या आदल्या वर्षी एका मित्राला लिहिलं, की माझ्या बाकीच्या कामांचं काहीही करा, पण या खटल्याची कागदपत्रं नीट छापा, माझं स्मारक हेच. चर्चमधली पाटी बघताना मला ते पत्र आठवतं, कारण ते काम त्या मित्राकडूनही पुरं झालं नाही.

भीमथडी:

चर्चा छान, पण एक खटकतंय. काचघराची गोष्ट सगळ्यांना गोड वाटली. मला नाही वाटली. बर्कला हिंदुस्थान भेटला तो कोण? राघोबाचा ब्राह्मण वकील आणि कागदावरचे राजे, बेगमा, जमीनदार. जात ही त्याला जुनी, मुरलेली, जपण्यासारखी व्यवस्था वाटली. जात जाणं म्हणजे केवढी आपत्ती हे त्याने लॉर्डांना सांगितलं. जात असणं ही ज्यांची आपत्ती होती त्यांची साक्ष कुणी काढली?

म्हणून मला बर्कपेक्षा त्याला उत्तर देणारा थॉमस पेन जवळचा. राज्यक्रांतीवरच्या बर्कच्या हल्ल्याला उत्तर म्हणून पेनने १७९१ मध्ये मानवी हक्कांवरचं पुस्तक लिहिलं आणि तेच पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. अनिकेतसर, वर्गात हे दोन्ही एकत्र शिकवा. मुलं दोन तासांत झोपणार नाहीत.

विकमकर:

भीमथडी, जातीबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. बर्क जन्मभर थोरामोठ्यांच्या घरांचाच विचार करत आला. क्रांतीनंतरच्या फ्रान्सच्या राणीसाठी त्याने जेवढी शाई खर्च केली तेवढी उपाशी पॅरिसकरांसाठी नाही, हे पेनने तेव्हाच सुनावलंय.

फक्त साक्षीचं म्हणाल तर रंगपूर वाचा. उत्तर बंगालातल्या रंगपूरला देवीसिंग नावाच्या इजारदाराच्या, म्हणजे सारावसुलीचा मक्ता घेतलेल्याच्या, माणसांनी सारावसुलीसाठी कुळांचे जे छळ केले, त्यावर १७८३ मध्ये रयत उठली होती. कंपनीच्याच पॅटर्सन नावाच्या अधिकाऱ्याने चौकशी करून अहवाल लिहिला, आणि वरिष्ठांनी त्यालाच गोत्यात आणलं. बर्कने तो अहवाल वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तपशीलवार मांडला: बोटं दोरीने करकचून आवळून मध्ये पाचरी ठोकणं, बापाला आणि मुलाला समोरासमोर बांधून फटके मारणं, बायकांवरचे अत्याचार. ऐकताना शेरिडनची बायको बेशुद्ध पडली. बर्कला स्वतःलाही त्या दिवशी भाषण आवरतं घ्यावं लागलं. यातली माणसं राजे नव्हती, शेतकरी होती. कायद्याच्या दृष्टीने ते लंगडं होतं, कारण आरोपपत्रात रंगपूर नव्हतंच आणि हेस्टिंग्जच्या वकिलांनी ते बरोबर पकडलं. पण बर्कने ते सांगितलं.

अनिकेत_तासिका:

सगळ्यांचे आभार. दोन तासांचे चार करून मागावे लागणार. ताई, मुलांना मूळ वाचायला काय देऊ? पहिलं चार दिवसांचं भाषण पूर्ण देऊ का? आणि भीमथडी, पेनचं सुचवलंत ते घेतोय, पुढच्याच आठवड्यात.

विकमकर:

पूर्ण मुळीच देऊ नकोस. कॉमन्समध्ये बर्कला "जेवणाची घंटा" म्हणायचे. हा बोलायला उठला की सभासद उठून जेवायला जायचे. छापलेला बर्क आणि ऐकलेला बर्क यात जमीन-अस्मानाचा फरक होता म्हणतात, पण छापलेलासुद्धा पसरट आहेच.

दोन तुकडे दे. एक, ब्रिस्टलचं १७७४ चं छोटं भाषण, निवडून आल्याबरोबर मतदारांना सांगतोय की माझी अक्कल तुमच्या मर्जीवर ओवाळून टाकणार नाही. त्याला जोडून १७८० चं तिथलंच भाषण, म्हणजे त्याची किंमत काय पडली ते मुलांना कळेल. दुसरा तुकडा रंगपूरचा. तो आधी स्वतः वाच आणि वर्गात किती वाचायचं ते ठरव.

त्या मुलीला मात्र सगळं दे. ती वाचेल.